खालीवर आलेली सम

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मुलांनी भूप रागातली तीनतालाची एक बंदिश वाजवली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. चार व्हायोलिनं, एक चेलो, दोन बासऱ्या आणि तबल्याला बारा वर्षांचा एक मुलगा. टाळ्यांचा कडकडाट झाला. आईवडिलांनी फोनवर केलेली चित्रणं त्याच रात्री पुण्या-सांगलीला पोचलीसुद्धा. कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी माई माझ्याजवळ आल्या. वय पंच्याऐंशी. गळा आता साथ देत नाही, कान मात्र अजून लख्ख. हळूच म्हणाल्या, "सर, मुलं गोड वाजवतात हो. पण समेला टाळी द्यायला मी हात उचलला, आणि हाताखाली खाली आली. असं कसं झालं?"

घरी जाऊन मी कागद काढला. माई म्हणत होत्या ते खरं होतं. मुलांना वाटलेल्या त्या कागदावर सम आणि खाली यांची अदलाबदल झाली होती, आणि ती केली होती मी. संगणकावर संगीत छापायचा एक प्रोग्राम वापरून मी तो कागद तयार केला होता. चार रात्री बसलो होतो. त्या प्रोग्रामने मला वाटेत दहा वेळा हटकलं, इथे एक मात्रा कमी, तिथे कंस उघडा राहिला, असं सांगितलं. ते सगळं मी दुरुस्त केलं. शेवटी एकही तक्रार उरली नाही, तेव्हा निश्चिंत मनाने छापून टाकलं. सर्वांत मोठी चूक मात्र तशीच राहिली, आणि तिच्याबद्दल अवाक्षरही नव्हतं.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. स्वतःचं चुकलं की ते पूर्वी कोणाकोणाचं चुकलं होतं हे शोधायची मास्तरी खोड जात नाही. या निमित्ताने संगीत छापण्याच्या इतिहासात डोकावलो, आणि जे सापडलं ते इथे मांडतो.

नेमकं काय चुकलं

तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा. तीनतालात सोळा मात्रा असतात, चार-चारचे चार विभाग. पहिल्या मात्रेला सम म्हणतात, तिथे टाळी. नवव्या मात्रेला खाली म्हणतात, तिथे टाळी न देता हात उलटा करून सोडतात. पुष्कळ बंदिशींचा मुखडा सुरू होतो तो नवव्या मात्रेपासून. गायक खालीपासून उचल करतो आणि आठ मात्रा चालून समेवर येतो. त्या येण्यातच सारी गंमत असते.

आपल्या मुलांना सा-रे-ग-म देवनागरीत वाचायची सवय नाही. शाळेच्या ऑर्केस्ट्रात ती पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी वाचतात. म्हणून सांगलीच्या आमच्या बाईंच्या वहीतली बंदिश मी त्या लिपीत उतरवली. पाश्चात्त्य लिपीत उभ्या रेघांनी जे घर पडतं त्याला बार म्हणतात, आणि रेघेनंतरचा पहिला ठोका वजनदार असतो. मी सोळा मात्रांचं एक आवर्तन म्हणजे एक बार असा हिशेब धरला आणि पहिल्या स्वरापासून मोजायला लागलो. पहिला स्वर होता नवव्या मात्रेचा. त्यामुळे प्रत्येक बार खालीपासून खालीपर्यंतचा झाला. प्रत्येकात सोळाच मात्रा. बेरीज चोख. मुलांनी शिकल्याप्रमाणे रेघेनंतरच्या स्वरावर वजन दिलं, तबल्याच्या मुलाने तिथेच सम धरली, आणि सबंध बंदिश आठ मात्रांनी सरकली.

व्हेनिस, पॅरिस, लाइपझिग

संगीत छापणं हे अक्षरं छापण्याहून कितीतरी अवघड काम. अक्षरं एका ओळीत चालतात. स्वर मात्र रेघांवर वर-खाली चढतात, त्यांना काळ असतो, एकमेकांवर रचावं लागतं, खाली शब्द बसवावे लागतात. १५०१ मध्ये व्हेनिसला ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने हलत्या खिळ्यांनी छापलेला बहुस्वरी गीतांचा पहिला मोठा संग्रह काढला. तो एकच पान यंत्रातून एकाहून अधिक वेळा काढत असे. रेघा एका वेळी, स्वर दुसऱ्या वेळी. कागद केसभर सरकला की स्वर रेघेवरून घरात, म्हणजे एका सुरावरून शेजारच्या सुरावर जायचा. पेत्रुच्चीची पानं आजही नजर ठरत नाही इतकी नेटकी दिसतात, पण ती पद्धत फार खर्चाची होती. पुढे पॅरिसमध्ये पिएर अतेंयाँ याने १५२८ मध्ये स्वर आणि त्यामागचा रेघांचा तुकडा एकाच खिळ्यावर आणला. मग एकदाच छापलं की काम भागू लागलं. अठराव्या शतकाच्या मध्याला लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फने खिळ्यांचे आणखी बारीक तुकडे केले आणि मोझेकच्या फरशीसारखं संगीत जुळवून दाखवलं.

तोपर्यंत दुसरी एक रीत रुजत होती. शिसं-कथिलाच्या मिश्रणाचा मऊ पत्रा घ्यायचा, पाच दातांच्या हत्याराने त्यावर रेघा ओढायच्या, आणि पोलादी ठशांवर हातोडी मारून एकेक स्वर उमटवायचा. सगळं आरशातल्यासारखं उलटं. चूक झाली तर कारागीर कंपासाने जागा हेरून पत्रा पालथा करी, मागून ठोकून खड्डा वर आणी, पृष्ठभाग घासून सपाट करी आणि पुन्हा ठसा मारी. चूक दुरुस्त करणं इतकं कष्टाचं असल्यामुळे ती आधीच होऊ नये याची काळजी त्या हातांत मुरलेली असे. पहिलं प्रूफ काढलं की ते मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहणारा वाचक वेगळा असे. संगणकावर आज जी सूचना उमटते तिचं काम तेव्हा तो माणूस करायचा.

बेथोव्हेनचे चार बार आणि दोन बार

असं असूनही चुका होत. बेथोव्हेनने प्रकाशकांना लिहिलेली पत्रं वाचली तर माणूस छपाईच्या चुकांनी किती गांजला होता ते कळतं. त्यातले दोन प्रसंग मला माझ्या कागदाशी अगदी जवळचे वाटले.

पहिला १८०३ चा. झ्युरिकच्या नेगेली या प्रकाशकाने बेथोव्हेनचे पियानो सोनाटा छापले. त्यांतल्या जी मेजरमधल्या एका सोनाटाच्या पहिल्या भागाच्या अखेरीस नेगेलीने चार बार स्वतःच्या पदरचे घातले. रचना तोलात बसत नाही असं त्याला वाटलं असावं. छापलेली पानं आली तेव्हा बेथोव्हेनने शिष्य फर्डिनांड रीस याला ती वाजवायला सांगितली आणि आपण लिहीत बसला. ती जागा आली मात्र, तो ताडकन उठला. रीसने ही हकिगत पुढे आठवणींत लिहून ठेवली आहे. नंतर बॉनच्या झिमरॉकने त्या सोनाटांची दुसरी आवृत्ती काढली आणि ती अतिशय शुद्ध असल्याचं मुखपृष्ठावरच जाहीर केलं. बेथोव्हेनने पानावर नजरसुद्धा टाकलेली नव्हती, हे इथे ध्यानात घ्यायचं. चूक पकडली ती कानाने.

दुसरा प्रसंग पाचव्या सिम्फनीचा. तिचा पहिला प्रयोग डिसेंबर १८०८ मध्ये व्हिएन्नात झाला, आणि १८०९ मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ आणि हेर्टेल यांनी वादकांचे कागद छापले. तिसऱ्या भागात एका जागी दोन बार जास्तीचे पडले होते. बेथोव्हेनच्या मनात आधी तो भाग पुन्हा घ्यायचा विचार होता. पुनरावृत्तीसाठी पहिल्या फेरीचा शेवट एक आणि दुसऱ्या फेरीचा शेवट दुसरा असे पर्याय लिहितात. पुढे पुनरावृत्तीचा बेत बदलला, पण पहिल्या फेरीच्या शेवटाचे दोन बार तसेच राहिले, आणि छापणाऱ्यांनी दोन्ही शेवट एकापुढे एक छापले. १८१० मध्ये बेथोव्हेनने पत्र लिहून हे दोन बार काढायला सांगितलं. ते निघाले नाहीत. १८२६ मध्ये पूर्ण स्कोअर छापला गेला तेव्हाही ते त्यात होतेच. बेथोव्हेन १८२७ मध्ये गेला. अखेर मेंडेलसोनच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ते जुनं पत्र प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठे खुलासा झाला. जवळजवळ सदतीस वर्षं वाद्यवृंद ते दोन बार इमानाने वाजवत राहिले.

का कोणाला शंका आली नाही? कारण प्रत्येक बारात तीनच ठोके होते. प्रत्येक वाद्याच्या कागदावर तेच दोन बार होते, त्यामुळे व्हायोलिनवाल्याचं आणि चेलोवाल्याचं कुठेच भांडण झालं नाही. सगळे कागद एकमेकांशी जुळत होते, कारण सगळे एकाच चुकलेल्या मुळावरून उतरवलेले होते. आजचा कुठलाही संगणक त्या पानांवर बसवला असता तरी त्याने हूं का चूं केलं नसतं.

मुंबईचे खिळे, भातखंड्यांची फुली

आता आपल्याकडे येऊ. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. देशभर हिंडून, घराण्यांच्या उस्तादांपुढे बसून त्यांनी शेकडो बंदिशी लिहून घेतल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्यांच्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची वेगळी स्वरलिपी रूढ केली. पाच रेघांची लिपी न घेता दोघांनीही देवनागरी अक्षरांवर काम भागवलं. मराठी छापखान्यात जे खिळे होते त्यांत थोडी भर घातली की गाणं छापता येई.

पण त्या काळच्या जुळाऱ्याची कल्पना करा. मराठी शब्दातला एखादा अनुस्वार गळला तर वाचक तो मनातल्या मनात भरून घेतो, मुद्रितशोधकही पटकन खूण करतो. भातखंडे पद्धतीत तार सप्तकाची खूण म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा बिंदू, दिसायला थेट अनुस्वारासारखा. 'सां'चा 'सा' झाला की सूर एक सप्तक खाली उतरतो. 'सा' हाही शुद्ध, अर्थपूर्ण स्वर. कुठल्याच व्याकरणाचा नियम मोडत नाही, मग हटकणार कोण? त्यात आणखी एक गोम. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि तार सप्तकाला उभी रेघ असते. एका पद्धतीत वाढलेल्याने दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक उघडलं तर तोच ठिपका गाण्याला वर नेण्याऐवजी खाली ढकलतो.

तरीही भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदिश सहसा बिघडत नाही. याचं कारण मला या खटाटोपात नव्याने कळलं. त्यांच्या पानावर तीन ओळी एकाखाली एक चालतात. वर स्वर, मध्ये गीताची अक्षरं, खाली तालाच्या खुणा: समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना २ आणि ३. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोर. एखादी मात्रा जुळाऱ्याच्या हातून निसटली की स्वर एकीकडे आणि फुली दुसरीकडे जाते, पान तिरकं दिसायला लागतं, आणि गाणारा म्हणतो, इथे काहीतरी गडबड आहे. तालाची ओळ एका अर्थी अनावश्यक. ज्याला तीनताल येतो तो मोजून सम काढू शकतो. पण तीच ओळ पहारा करते.

बाईंच्या वहीतही ती ओळ होती. जांभळ्या शाईतली फुली, प्रत्येक आवर्तनात. पाच रेघांच्या लिपीत उतरवताना तिला जागा नाही म्हणून मी ती गाळली. बारच्या रेघा आहेतच की, असं म्हणालो. पहारेकऱ्याला मीच घरी पाठवलं होतं.

संगणक काय सांगतो, काय सांगत नाही

संगणकाने संगीत छापायचे प्रयत्न गेल्या साठेक वर्षांचे. स्टॅनफर्डला लीलँड स्मिथ यांनी १९७० च्या दशकात 'स्कोअर' या प्रणालीचा पाया घातला. १९८८ मध्ये 'फिनाले' आलं, १९९३ मध्ये फिन या जुळ्या भावांचं 'सिबेलियस'. फिनालेची पुढची वाटचाल थांबवल्याचं त्याच्या निर्मात्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा कित्येक संगीतकारांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. या प्रोग्रामांत पडद्यावर दिसणाऱ्या रेघांवर स्वर ठेवत जायचं असतं.

'लिलीपाँड'ची जात वेगळी. हॅन-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच वादकांनी १९९६ मध्ये ते सुरू केलं. पत्र्यावर ठसे मारणाऱ्या जुन्या कारागिरांची पानं समोर ठेवून त्यांनी तसंच देखणं पान संगणकाकडून काढून घ्यायचं ठरवलं. ते कोणालाही विनामूल्य वापरता येतं. त्यात संगीत अक्षरांत लिहायचं असतं: स्वराचं नाव, पुढे त्याच्या काळाचा आकडा. प्रोग्राम तो मजकूर वाचून पान रचतो. म्हणजे जुळाऱ्याला हस्तलिखित देण्यासारखंच.

या पद्धतीतल्या चुका फार शिकवणाऱ्या आहेत. काळाचा आकडा लिहिला नाही तर लिलीपाँड मागच्या स्वराचा काळच पुढे चालू ठेवतं. सोय मोठी, पण एक आकडा विसरला की पुढची सगळी ओळ दुप्पट संथ. डच नावांत 'बी' म्हणजे शुद्ध स्वर, जर्मन नावांत तेच अक्षर म्हणजे कोमल. कोणती नावं वापरतो आहोत ते सांगायला विसरलात तर 'बी' दोन्हीकडे चालतो, अर्थ मात्र बदलतो. पलुस्कर-भातखंड्यांच्या ठिपक्यासारखंच हे. आणि स्वर मागच्या स्वराच्या सापेक्ष लिहायची रीत वापरली, तर सप्तकाची एक खूण राहिली की तिथून पुढचं सगळं गाणं सप्तकभर वर किंवा खाली. या तिन्ही ठिकाणी प्रोग्राम तेवढ्याने तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने चुकलेलंच नाही. तुम्ही सांगितलंत तेच त्याने छापलं.

मग तक्रार होते कधी? लिहिणारा तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतो तेव्हा. बारच्या रेघा लिलीपाँड आपणहून काढतं, तरी लिहिणाऱ्याला मजकुरात उभी रेघ घालायची मुभा आहे. तिचा अर्थ, 'माझ्या हिशेबाने इथे बार संपायला हवा.' हिशेब जमला नाही तर सूचना येते. रेघ घातलीच नाही तर सूचनाही नाही. सप्तकासाठीही अशीच ताडून पाहायची खूण आहे. आणि सूचना आली तरी ती छापलेल्या पानावर उमटत नाही, वेगळ्या नोंदीत जाते. पान तयार होतंच, देखणंही दिसतं. नोंद वाचायची की नाही हे तुमच्यावर.

मी तर प्रत्येक बारला ती रेघ घातली होती, मग मला सूचना का आली नाही? कारण रेघाही मी त्याच चुकीच्या मोजणीने घातल्या होत्या. एकाच माणसाने एकाच समजुतीतून दोनदा साक्ष दिली. पाचव्या सिम्फनीतल्या व्हायोलिनच्या आणि चेलोच्या कागदांसारखी. तक्रार करू शकला असता असा स्वतंत्र साक्षीदार एकच होता, बाईंची जांभळी फुली, आणि दुसऱ्या माई. एक मी गाळला. दुसऱ्या प्रेक्षकांत बसल्या होत्या, तालमीला त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

हे लिहावंसं का वाटलं

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा वह्या आहेत. आजीची गाण्याची वही, वडिलांनी उतरवलेली भजनं, मंगळागौरीची गाणी. सध्या त्या संगणकावर चढवायचं काम जोरात चाललं आहे, आणि ते व्हायलाच हवं. पण प्रोग्राम गप्प बसला म्हणून बरोबर आहे असं समजू नका, हे मला स्वतः तोंडघशी पडून सांगावंसं वाटतं. आमच्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली. ही बंदिश त्यांच्याकडून शिकलेले आम्ही तिघे होतो, आता मी एकटा उरलो. मुलांच्या मुलांच्या हाती माझा तो कागद गेला असता तर त्यांच्या लेखी भूपातली ती बंदिश तशीच असती, आणि चुकलंय म्हणायला कोणी नसतं. बेथोव्हेनचं निदान पत्र जपून ठेवलेलं होतं.

म्हणून एक विनंती. वही टाइप करायला घ्याल तेव्हा ज्यांनी ती गाणी गायली-ऐकली आहेत अशा कोणाला तरी शेजारी बसवा. त्यांना कागद दाखवू नका. फक्त वाजवून दाखवा आणि त्यांचा हात कुठे पडतो ते बघा.

यंदा आम्ही तसं केलं. मी बंदिश नव्याने उतरवली, पहिल्या आठ मात्रा अर्ध्या आवर्तनाची उचल म्हणून वेगळ्या काढल्या, आणि पाच रेघांखाली भातखंड्यांची फुली आणि शून्यं परत आणून बसवली. मुलांनी विचारलं, हे काय? सांगितलं. ऑगस्टमधल्या एका रविवारी माई तालमीला आल्या. डोळे मिटून बसल्या. समेवर टाळी बरोबर पडली, तेव्हा तबल्याचा मुलगा आपणहून हसला.

शुद्धिपत्रक: गेल्या वर्षी वाटलेल्या कागदावर पहिल्या स्वरापासून बार सुरू होतो, ते चूक आहे. बंदिश नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, सुरू होते. सम आठ मात्रांनंतर येते. जुना कागद कृपया ठेवू नये. नवा माझ्याकडून घेऊन जावा.